11 लग्नं आणि खात्यात 18 हजार

प्रश्न:
सर, नमस्कार. मी कराडची, वय 26. बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षं एका पतसंस्थेत होते. कॅमेऱ्याचं वेड कॉलेजपासूनचं, म्हणून दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागले. फोटो लोकांना आवडतात. गेल्या सीझनला 11 लग्नं केली. हळद आणि लग्न असे दोन दिवस, फोटो, साधा व्हिडिओ आणि अल्बम मिळून 25 हजार घेते. सीझन संपला तेव्हा खात्यात 18 हजार होते आणि 48 हजारांची उधारी. त्यातले 15 हजार पप्पांच्या मित्राकडे, त्यामुळे मागायची चोरी. पुण्यात ‘फोटोग्राफी बिझनेस’चा दोन दिवसांचा क्लास आहे, फी 22 हजार. तो करू का? की आधी हप्त्यावर कॅमेऱ्याची नवी बॉडी घेऊ? भाऊ म्हणतो एमबीए कर. व्यवसाय शिकायचा म्हणजे नक्की काय शिकायचं?
ता. क. डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे. तिच्याकडून पैसे घ्यायचे का?

उत्तर:
सर नको, काका म्हण. आमच्या फोटोग्राफीच्या धंद्यात सगळे काकाच असतात, आणि काका म्हटलं की मला अरे-तुरे करायची मोकळीक मिळते.

पत्र वाचून आधी हसू आलं. पतसंस्थेत तीन वर्षं काढलेली बी.कॉम. मुलगी मला विचारते की व्यवसाय शिकायचा म्हणजे काय! तिथे दोन जामीनदारांच्या सह्या झाल्याशिवाय रुपया बाहेर जात नव्हता ना? मग कॅमेरा गळ्यात अडकवल्यावर ही अक्कल कुठे जाते? माझीही गेली होती, म्हणून विचारतो.

तू खर्चाचे आकडे दिले नाहीस. देता आले नसतील, कारण मांडलेच नसतील. आपल्याकडचे दर मला पाठ आहेत, ते धरून तुझी एक ऑर्डर मांडतो. व्हिडिओवाला मुलगा, दोन दिवसांचे 6,000. व्हिडिओ एडिटिंग 3,000. अल्बम 30 शीटचा, डिझायनरला शीटमागे 70 रुपये म्हणजे 2,100. अल्बम छापणाऱ्या लॅबचं बिल पॅड-बॅगसकट 6,500. पेट्रोल 800, पेनड्राइव्ह 500. बेरीज 18,900. पंचवीस हजारांतून उरले 6,100. अकरा लग्नांचे झाले 67,100. त्यातले 48 हजार लोकांच्या खिशात. राहिले 19,100. तुझ्या खात्यात 18 हजार आहेत. मधले अकराशे चहापाण्यात गेले असतील. जुळला की नाही हिशेब?

आता पुढचं ऐक, हे जरा झोंबेल. तुझी बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश, लॅपटॉप मिळून 2 लाख 40 हजारांचा माल असेल. चार वर्षं टिकला असं धर. वर्षाला 60 हजार झिजले. अकरा ऑर्डरींत वाटले तर एकेका लग्नामागे 5,450 रुपये नुसती झीज. त्या 6,100 मधून ही वजा केली की उरतात 650. आणि त्या लग्नाला तुझे दिवस किती गेले? दोन शूटिंगचे, तीन दिवस फोटो निवडून रंग दुरुस्त करण्यात, एक त्या घरच्यांबरोबर अल्बमचे फोटो ठरवत बसण्यात. सहा दिवस. दिवसाला 108 रुपये. शेतात खुरपायला जाणारी बाई यापेक्षा जास्त हजेरी घेते, आणि संध्याकाळी रोख घेते. यात मोबाइल, सॉफ्टवेअरचं भाडं, दुरुस्ती यांतलं काहीच धरलेलं नाही.

मला हे ज्यांनी शिकवलं ते कुठल्या क्लासचे नव्हते. माझ्या स्टुडिओच्या शेजारी किराणा दुकान होतं. रोलचा जमाना. एका मोकळ्या दुपारी शेटजी येऊन बसले आणि म्हणाले, “पासपोर्टच्या आठ कॉपी तुला कितीला पडतात?” मी म्हणालो, “तीस घेतो.” ते म्हणाले, “घेतोस किती ते नाही विचारलं. पडतात किती?” मला सांगता येईना. त्यांनी गुळाच्या कागदावर लिहायला लावलं: रोलमधला हिस्सा, पेपर, केमिकल, लाइटबिल, दुकानभाडं, शिवाय डोळे मिटले म्हणून वाया गेलेली दर पाचवी फ्रेम. तो कागद कितीतरी वर्षं माझ्या गल्ल्यात होता. डोळे मिटणारी माणसंसुद्धा हिशेबात धरायची असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: 22 हजारांचा क्लास नको. दोन दिवसांत ते लोक तुला ‘स्वतःची किंमत ओळखा’ असं सांगतील. तुझी किंमत मी वर फुकट काढून दिली, 108 रुपये. एमबीएही नको. ग्रामीण भागातल्या तरुणांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत बँका आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, चालवतात, तिथलं प्रशिक्षण निवासी आणि मोफत असतं. काही ठिकाणी फोटोग्राफी-व्हिडिओग्राफीचाही महिन्याभराचा कोर्स असतो, त्यात बँकेशी कसं बोलायचं, हिशेब कसा ठेवायचा हेही येतं. एमसीईडी म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रही असले वर्ग घेतं. चौकशी कर. पण खरं शिक्षण हवं असेल तर येत्या सीझनला मोठी कामं करणाऱ्या कुणाकडे चार लग्नांना सेकंड शूटर, म्हणजे त्याच्या हाताखालचा दुसरा फोटोग्राफर, म्हणून जा. मात्र एक अट घाल: पार्टीबरोबर दर ठरवायला बसताना मलाही बसू द्या. लाइट कुठे लावतो ते तुला येतंच. तो आकडा सांगितल्यावर किती वेळ गप्प बसतो, ते बघ. मी बरीच वर्षं आकडा सांगून लगेच “बघू, कमी-जास्त करू” असं आपणहून म्हणायचो. समोरच्यानं तोंडही उघडलेलं नसायचं.

आता दर. 25 हजार हा आकडा तू कुठून आणलास? दुसरा 28 घेतो म्हणून, बरोबर ना? उलट्या बाजूनं ये. तुला स्वतःला महिन्याला 25 हजार हवेत, म्हणजे वर्षाचे 3 लाख. सामानाची झीज 60 हजार, इतर खर्च 40 हजार. झाले 4 लाख. वर्षात 16 ऑर्डरी नीट होतात असं धरलं तर प्रत्येक लग्नानं तुला खर्च वजा जाता 25 हजार द्यायला हवेत. वरचे 18,900 त्यात मिळव. 43,900.

पोटात गोळा आला असेल. उद्यापासून सगळ्यांना 44 हजार सांग असं मी म्हणत नाही. पण ज्याला 30 हजारच द्यायचे आहेत त्याला 30 हजारांचंच काम दे. व्हिडिओ काढून टाक, खर्च एकदम 9,900 वर येतो आणि तुला 20 हजार सुटतात. आमचे शेटजी काय करायचे? साखर महाग वाटणाऱ्याला भाव पाडून एक किलो देत नसत, पाऊण किलो बांधून देत. पार्टी घासाघीस करायला लागली की विचार, “चालेल, मग अल्बम 20 शीटचा करू, की हळदीला फक्त दोन तास येऊ?” दहातले सहा जण तिथेच गप्प होतात, कारण त्यांना कमी काही नको असतं, फक्त कमी करून बघायचं असतं.

यापेक्षा मोठा रोग वसुलीचा. पतसंस्थेतून वसुलीचे फोन करताना तुझा आवाज कापत होता का? तिथे मागे संस्था होती, इथे तू एकटी आहेस आणि शिवाय ‘फोटोवाली मुलगी’. म्हणून मागायची वेळच येणार नाही अशी व्यवस्था कर. तारीख पक्की करताना 30 टक्के विसार. विसार नाही तर तारीख नाही, दुसरा आला की त्याला दे. 50 टक्के हळदीच्या सकाळपर्यंत, कॅमेरा बॅगेतून बाहेर निघायच्या आधी. राहिलेले 20 टक्के अल्बम छापायला टाकण्यापूर्वी. अल्बम देताना घेऊ म्हणालीस की संपलं. मांडव उतरल्यावर त्या घरात पैसा नसतो, केटरर आणि मंगल कार्यालयवाला आधीच घेऊन गेलेले असतात. ते दोघे आगाऊ घेतात म्हणून त्यांना कुणी वाईट म्हणतं का?

माझ्या कपाटात आजही न नेलेले सोळा अल्बम आहेत. एकातल्या नवरीची मुलगी परवा माझ्याकडे बारावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आली होती. चेहऱ्यावरून ओळखली. आईला निरोप दे म्हटलं, अल्बम आहे अजून. आई आली नाही. पाच हजार बाकी होते, तेव्हाचे.

फोटो निवडायचा घोळ तुलाही माहीत असेल. “मुलगी माहेरपणाला आली की बसून निवडू” असं म्हणतात आणि अल्बम वर्षभर लटकतो, त्याबरोबर तुझे पैसेही. म्हणून एका कागदावर मराठीत चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घे. तारखा आणि वेळ, काय देणार आणि काय नाही, पैसे कधी. निवड 30 दिवसांत झाली नाही तर फोटोग्राफर निवडेल. अल्बम दिल्यावर सहा महिन्यांनी डेटा ठेवायची जबाबदारी माझी नाही. लग्न पुढे ढकललं तर विसाराचं काय, हेही लिही. कोरोनात हे वाक्य नसल्यामुळे आमच्यातल्या कितीजणांच्या मैत्र्या तुटल्या.

आणखी एक ओळ त्यात हवी, जी निम्म्या फोटोग्राफरांना ठाऊक नसते. फोटो मी काढला म्हणजे हक्क माझा, असं आपण धरून चालतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वेगळं सांगतं. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोची पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे त्या नवरीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायला, फ्लेक्सवर छापायला तुला तिची लेखी परवानगी हवी. “निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून वापरायला आमची हरकत नाही” एवढं वाक्य घाल, आणि नको म्हणणाऱ्याचं ऐक. एकदा एका घरानं माझ्या काचेतला मोठा फोटो उतरवायला लावला होता. चूक माझी होती.

तू लिहिलं नाहीस, पण विचारून बघ स्वतःला: दर ठरवायला लोक तुझ्याशी बोलतात की पप्पांशी? आपल्या भागात माणसं सरळ बापाला फोन लावतात. पप्पांना सांगून ठेव की त्यांनी आकडा बोलायचा नाही, “तीच बघते सगळं” एवढंच म्हणायचं. रात्रीच्या रिसेप्शननंतर घरी यायची गाडी दरात धर, आणि कागदावर लिही. तो खर्च आहे, कुणी उपकार म्हणून करायची गोष्ट नाही.

बाई असण्याचा एक फायदा मात्र तू वापरतच नाहीस. राजा दीनदयाळ हे नाव ऐकलं असशील. हा माणूस मूळचा इंदूरच्या बांधकाम खात्यातला, पुढे निजामाचा दरबारी फोटोग्राफर झाला. 1892 साली त्यानं हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, आणि तो चालवायला बाईच नेमली. पडद्यातल्या बायका पुरुषासमोर कॅमेऱ्याला बसणार नाहीत, पण फोटो त्यांनाही हवाच आहे, हे त्यानं हेरलं. तुझ्या गावात आज पडदा नाही. तरी नवव्या महिन्यातली बाई, बाळाला पाजणारी आई, हळदीत भिजलेल्या चुलत्या-मावश्या तुझ्यासमोर जितक्या मोकळ्या असतील तितक्या माझ्यासमोर नसतात. डोहाळजेवण, बारसं, महिन्या-महिन्याचे बाळाचे फोटो. ही कामं एका दुपारची. व्हिडिओवाला नको, 30 शीटचा अल्बम नको. आठ हजार घेतलेस तर बहुतेक तुझेच. मुख्य म्हणजे त्यांना मुहूर्ताची फारशी अडचण नाही. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हाही बाळं जन्मतातच.

पंचांग हे या धंद्याचं बजेट आहे हे लक्षात ठेव. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. एरवी जो महिना ऐन लग्नसराईचा, तो सबंध महिना मुहूर्ताविना. असं वर्ष हप्ते चालू असताना आलं तर काय होतं, ते माझ्याकडून ऐकण्यापेक्षा सेकंडहँड कॅमेरे विकणाऱ्याकडे जाऊन बघ. नवी बॉडी हप्त्यावर घ्यायची नाही याचं कारण एवढंच. तुझ्या 11 पैकी एक तरी पार्टी कॅमेऱ्याचं मॉडेल विचारून आली का? लागली लेन्स तर भाड्यानं आण आणि भाडं दरात धर. पैसे घालायचेच असतील तर हार्ड डिस्क दोन घे. रात्री घरी आल्यावर दोन्हींवर डेटा उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही झोप आली तरी. कॅमेऱ्याला दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हीकडे एकदम लिहिणारी सेटिंग ठेव. लग्न पुन्हा लावता येत नाही.

कागदपत्रांची भीती बाळगू नकोस, तू तर बी.कॉम. मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकान-आस्थापना कायद्याची, म्हणजे शॉप अ‍ॅक्टची नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे. सायबर कॅफेत कुणी दोन हजार मागितले तर उठून ये. या दोन कागदांवर धंद्याचं वेगळं करंट खातं उघड. घरखर्चाला लागतील तेवढे दर महिन्याला ‘पगार’ म्हणून आपल्या बचत खात्यात घे. हे एवढं जरी केलंस तरी पुढच्या वर्षी मला पत्र लिहायची गरज पडणार नाही. जीएसटी वर्षाला 20 लाखांच्या वर उलाढाल गेली की बघू, तोवर जीएसटी घेतोय असं दाखवून बिलावर 18 टक्के लावू नकोस, तो गुन्हा आहे. ड्रोनचा मोह झाला तर 250 ग्रॅमच्या वरचं ड्रोन कमाईसाठी उडवायला प्रमाणपत्र लागतं. कोपऱ्यावरचा पोरगा तसाच उडवतो म्हणून तू उडवू नकोस. एखाद्या कारखान्याचं, दुकानाचं प्रॉडक्टचं काम केलंस तर बिलावर उद्यम नंबर टाक. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यायचे असं 2006 चा कायदा सांगतो, उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. व्याज कुणी देत नाही. पण नंबर दिसला की अकाउंटवाला बिल वर घेतो. कंपनीनं टीडीएस, म्हणजे बिलातूनच आगाऊ कर, कापला तर वर्षाअखेरीस रिटर्न भर, कर बसत नसेल तर परत मिळतो.

राहिले 48 हजार. पप्पांच्या मित्राला फोन करू नकोस, फोनवर तू हसून विषय बदलशील. लिहून पाठव. मी असं लिहिलं असतं: “काका, नमस्कार. दादाच्या अल्बमचं डिझाइन तयार आहे. लॅबमध्ये या शनिवारी टाकतेय. बाकी 15,000 आहेत. शुक्रवारपर्यंत पाठवलेत तर या खेपेतच छापून घेते, नाहीतर पुढच्या खेपेला.” विनवणी नको, चिडचिड नको, ‘तुम्हाला जमेल तसं’ तर अजिबात नको. खाली खात्याचा नंबर. हाच मजकूर नाव बदलून बाकीच्यांनाही जाईल. ज्यांचा अल्बम आधीच देऊन बसली आहेस त्यांच्याकडचे अर्धे आले तर नशीब समज आणि उरलेले वहीत ‘बुडीत’ म्हणून लिही. पतसंस्थेत तरतूद करायचात ना, तशी.

आणि मावसबहीण. पैसे घेऊ नकोस. पण फुकटही करू नकोस, कारण फुकट केलेल्या कामाला घरातलीच माणसं सगळ्यात जास्त नावं ठेवतात. मावशीला आत्ताच सांग की लग्नात मी काम करणार नाही, मी करवली आहे. ओळखीचा चांगला फोटोग्राफर नेमून दे, त्याचा दर मावशी त्याच्याशी ठरवेल, तू मध्ये पडू नकोस. लॅबचं 6,500 चं बिल आहेर म्हणून तू भर. आणि त्या दिवशी साडी नेसून मांडवात बस, जेव. कॅमेरा घरी कपाटात राहू दे. बघ, हळदीत एखाद्या फोटोत तूही येशील. तुझ्याकडे स्वतःचा धड फोटो नसणार, पैज लावतो.